मिक्सरची दुरुस्ती: कार्बनपासून कार्डापर्यंत

भारतीय स्वयंपाकघरातील विजेच्या उपकरणांचा इतिहास बहुधा निर्मात्यांच्या आणि जाहिरातींच्या अंगाने सांगितला जातो. परंतु ज्या घरांत ही उपकरणे वर्षानुवर्षे वापरली गेली, त्या घरांच्या दृष्टीने तो इतिहास त्यांच्या बंद पडण्याचा आणि पुन्हा चालू होण्याचाही आहे. मिक्सरच्या बाबतीत हे विशेष खरे ठरते, कारण या यंत्राचा भारतीय अवतार मुळात एका बिघाडातूनच घडला. १९६० च्या दशकाच्या आरंभी माधुरी माथुर यांच्या घरातील ब्राउन या जर्मन कंपनीचा मिक्सर बंद पडला, त्या कंपनीची दुरुस्तीची सोय भारतात नव्हती, आणि सीमेन्समध्ये अभियंता असलेले त्यांचे पती सत्यप्रकाश माथुर यांनी भारतीय दळणवाटण पेलेल असे नवे यंत्रच तयार करण्याचे मनावर घेतले. १९६३ मध्ये स्थापन झालेल्या त्यांच्या ‘पॉवर कंट्रोल अँड अप्लायन्सेस’ या कंपनीचा ‘सुमीत’ मिक्सर पुढे इतका रुळला की अनेक घरांत मिक्सर म्हणजे सुमीत असेच समीकरण झाले.

जर्मन यंत्र सदोष नव्हते. ते दुसऱ्याच कामासाठी बेतलेले होते. सूप, फळांचा रस, केकचे मिश्रण अशा मऊ पदार्थांसाठी केलेल्या मोटरीपुढे भिजवलेली उडदाची डाळ, सुके खोबरे किंवा गोडा मसाला आला, म्हणजे जे काम पाटा-वरवंटा आणि खलबत्ता शतकानुशतके करीत आले होते ते आले, की पाते अडू लागे. अशा मोटरीवर भार वाढला की तिचा वेग उतरतो, वेग उतरला की ती अधिक वीजप्रवाह खेचते, प्रवाहाबरोबर उष्णता वाढते, आणि तांब्याच्या तारेवरील वार्निशचा पातळ लेप करपून शेजारशेजारचे वेढे एकमेकांना जोडले जातात. दुकानात ज्याला ‘कॉइल जळाली’ म्हणतात ती अवस्था हीच. अधिक ताकदीची मोटर आणि ओल्या व सुक्या वाटणासाठी वेगवेगळी भांडी हे त्यावरचे भारतीय उत्तर होते.

बिघाडाचा विचार पुढे यंत्राच्या घडणीतच मुरला. मोटरीची गती भांड्यातील पात्याकडे नेणारा कपलर हा रबराचा किंवा प्लॅस्टिकचा तुकडा पाते अडकल्यास आधी झिजतो वा तुटतो आणि मोटर बहुधा वाचते. यंत्राच्या तळाशी असलेले ओव्हरलोडचे बटण हीच काळजी विजेच्या बाजूने घेते: प्रवाह प्रमाणाबाहेर गेला की ते स्वतःहून बाहेर येऊन वीज तोडते, आणि यंत्र थोडा वेळ थंड होऊ देऊन बटण पुन्हा आत दाबले की काम सुरू होते. बंद पडलेले यंत्र दुकानात नेण्यापूर्वी ज्याने हे बटण पाहिले नाही त्याची खेप अनेकदा वाया जाते. फिरणाऱ्या आर्मेचरला वीज पोहोचवणारे दोन कार्बन ब्रश तर झिजण्यासाठीच केलेले असतात. ते आखूड झाले की मोटर अडखळते, ठिणग्या वाढतात, आणि शेवटी यंत्र गप्प होते. ब्रशची जोडी बदलणे हे स्वस्त काम, आर्मेचर पुन्हा गुंडाळणे हे महागाचे, आणि या दोहोंतील फरक डोळ्यांनी, नाकाने व कानाने ओळखता येणे हे कारागिराचे भांडवल होते.

मिक्सरमध्ये इलेक्ट्रॉनिक्सचा प्रवेश झाला तो या ठिणग्यांच्या मागोमाग. ब्रशच्या ठिणग्यांतून रेडिओलहरी निघत, त्यामुळे मिक्सर लावला की शेजारच्या रेडिओत खरखर येई, आणि २ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबई दूरदर्शन सुरू झाल्यानंतर पडद्यावर रेघाही उमटू लागल्या. हा उपद्रव शमवण्यासाठी वीजजोडणीवर एक लहान कपॅसिटर, म्हणजे विद्युतभार साठवून सोडणारा घटक, बसवला जाई. काही यंत्रांत कमी वेगासाठी डायोडही वापरला गेला. प्रवाहाला एकाच दिशेने जाऊ देणारा हा घटक मोटरीला विजेची अर्धीच लहर पुरवतो. असा डायोड आतून तुटला की पहिला वेग मरतो आणि बाकीचे चालतात. तो शॉर्ट झाला, तर पहिल्याच आकड्यावर यंत्र पूर्ण वेगाने धावते. लक्षणावरून दोषाकडे जाण्याची ही पद्धत इतकी शुद्ध आहे की तिला तर्कशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात जागा मिळायला हवी होती.

या ज्ञानाचे एक टोक १९५० मध्ये सुरू झालेल्या कारागीर प्रशिक्षण योजनेतील औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत होते, तर दुसरे बाजारांत: मुंबईत विजेच्या सामानासाठी लोहार चाळ, इलेक्ट्रॉनिक सुट्या भागांसाठी लॅमिंग्टन रोड, पुण्यात तापकीर गल्ली. जुना भाग हातात धरून नेला की त्याचा जोड मिळण्याची येथे शक्यता असे, आणि मोहल्ल्यातील दुरुस्तीचे दुकान त्या शक्यतेवरच उभे होते. या कारागिरांचे मुख्य साधन म्हणजे सिरीज लॅम्प, अर्थात तपासावयाच्या यंत्राच्या वाटेत जोडलेला साधा तारेचा बल्ब. यंत्रात शॉर्ट असेल तर बल्ब पूर्ण तेजाने पेटतो आणि फ्यूज वाचतो, जोडणी तुटलेली असेल तर तो पेटतच नाही.

इंडक्शन शेगडी आल्यावर दोष डोळ्यांआड गेला. तिच्यातील सर्किट बोर्डाला कारागीर ‘कार्ड’ म्हणतात, आणि त्यावर आयजीबीटी हा घटक सेकंदाला हजारो वेळा वीज जोडतो व तोडतो. शेगडीचा फ्यूज उडाला म्हणून केवळ फ्यूज बदलला आणि शॉर्ट झालेला आयजीबीटी तसाच राहिला, तर नवा फ्यूजही त्याच क्षणी जातो. म्हणून जाणकार आधी मल्टिमीटरने आयजीबीटी आणि ब्रिज रेक्टिफायर तपासतो व दुरुस्तीनंतरची पहिली वीज सिरीज लॅम्पमधूनच देतो. जुने साधन अशा रीतीने नव्या यंत्रालाही पुरून उरले. अडचण झाली ती बल्बची, कारण एलईडी दिवे या कामाला चालत नाहीत आणि त्यांच्या प्रसाराबरोबर शंभर वॅटचा तारेचा बल्ब बाजारात दुर्मीळ होत गेला.

अधिकृत सेवाकेंद्रात मात्र घटक शोधण्यापेक्षा संपूर्ण कार्ड बदलण्याकडे कल असतो. त्यात वेळ वाचतो हे खरे, पण एका किरकोळ घटकापायी कार्डाची किंमत ग्राहकाच्या माथी येते आणि चांगले भाग कचऱ्यात जातात. ही पद्धत अपरिहार्य मानण्याचे कारण नाही. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ मध्ये दुरुस्तीच्या अधिकारासाठी समिती नेमली आणि तिच्या विचाराच्या कक्षेत ग्राहकोपयोगी टिकाऊ वस्तूही घेतल्या, तेव्हा सुटे भाग आणि तांत्रिक माहिती ग्राहकाला व स्वतंत्र कारागिराला मिळावी हाच मुद्दा होता. आराखडा हाती नसताना कारागीर कार्डावरील व्होल्टेज मोजत दोषापर्यंत पोहोचतो: अनेक शेगड्यांत पाच व्होल्ट गेले की आकडे दिसत नाहीत, अठरा व्होल्ट गेले की पंखा फिरत नाही, आणि दोन्ही असूनही शेगडी भांडे ओळखत नसेल तर शोध कॉइलच्या बाजूच्या कपॅसिटरांपासून सुरू होतो.