जहांगीरची अखेरची शिकार आणि नाशिकचा शहजादा

आमच्या घरात शिकारीची एकच वस्तू शिल्लक आहे. छर्रे ठेवण्याची चामड्याची पिशवी. ती दादांची. दादा म्हणजे माझ्या अब्बांचे वालिद. पेठ-सुरगाण्याच्या जंगलात ते लाकडाच्या ठेकेदाराकडे हिशेबाचे काम करीत आणि परवान्याची ठासणीची बंदूक बाळगीत. अब्बा दहा-बारा वर्षांचे असताना त्यांच्यासोबत जात. साठच्या दशकातली ही गोष्ट. लहानपणापासून आम्ही सांबराच्या, रानडुकराच्या आणि एकदाच दिसलेल्या वाघाच्या कहाण्या ऐकत आलो. मात्र दादांच्या अखेरच्या दिवसांविषयी अब्बा कधी बोलले नाहीत.

गेल्या दिवाळीच्या सुट्टीआधी अब्बा अचानक म्हणाले, "बेटा, एक दफा शिकार को चलेंगे. बाद में ये पैर साथ नहीं देंगे."

मी मास्तर माणूस. लगेच समजवायला बसलो की अब्बा, 1972 सालच्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी आहे, साधा ससा मारला तरी गुन्हा होतो. अब्बा हसले. "मालूम है. बंदूक कौन मांग रहा है?"

त्यांना काय हवे होते ते तेव्हा माझ्या नीट लक्षात आले नाही. कुठे न्यायचे, कसे न्यायचे, याचा विचार करीत असतानाच सातवीच्या वर्गासाठी मोगलांचा धडा काढला होता. त्या निमित्ताने जहांगीरची 'तुझुक' पुन्हा वाचायला घेतली. वाचता वाचता अशी एक हकिकत समोर आली की तिचा अर्धा भाग काश्मीरच्या डोंगरात घडतो आणि अर्धा आपल्या नाशिक-जुन्नरमध्ये. म्हातारा बाप अखेरच्या शिकारीला निघतो आणि त्याचा मुलगा शेकडो कोस दूर आपल्या मातीत बसलेला असतो.

मोगलांची शिकार म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे सिनेमातला ऐषआराम येतो. तो होताच, परंतु त्यामागे मोठी आखणी असे. करावल नावाचे माहीतगार आधी जाऊन जनावराचा माग काढीत. कमरगाह शिकारीत हजारो हाकारे रान वेढून महिनाभर जनावरे आत आत रेटीत आणि मग बादशहा वेढ्यात उतरे. अकबराने 1567 साली लाहोरजवळ अशी प्रचंड शिकार केली होती. याच निमित्ताने मुलूख पाहिला जाई, रयतेच्या तक्रारी ऐकल्या जात, सरदारांची नाडी तपासली जाई. आणि शहजाद्यांसाठी ती शाळा होती. बाप बादशहा असला की मुलाला त्याच्याशी दरबाराबाहेर बोलण्याची जागा फार थोडी उरते. शिकार ही तशी जागा होती.

सलीम, म्हणजे पुढचा जहांगीर, याच शाळेत वाढला. वडिलांच्या 'संग्राम' नावाच्या बंदुकीचे त्याने भरभरून वर्णन केले आहे. तिने अकबराने तीन-चार हजार पशुपक्षी टिपल्याचे तो सांगतो आणि बंदूक चालवण्यात स्वतःला वडिलांचाच शागीर्द म्हणवतो. असे लिहिणाऱ्या याच मुलाने 1600 साली, अकबर दख्खनमध्ये असीरगडाच्या मोहिमेत गुंतलेला असताना, अलाहाबादेत बंडाचा झेंडा उभारला होता. बाप गेल्यावर त्याच्या बंदुकीची आठवण काढणारा मुलगा आणि बाप हयात असताना बंड करणारा मुलगा एकच आहे, हे वाचताना मन थोडे थांबते.

जहांगीरला हिशेबाची मोठी हौस. कारकिर्दीच्या अकराव्या वर्षाच्या अखेरीस त्याने शिकारखात्याच्या लोकांकडून यादी करून घेतली. वयाच्या बाराव्या वर्षापासून तोपर्यंत त्याच्या समोर 28,532 जनावरे व पाखरे मारली गेली होती. त्यांतली 17,167 त्याने स्वतःच्या हाताने मारली होती. त्यांत 86 वाघ-सिंह आणि 889 नीलगायी होत्या. आज हे आकडे वाचून अंगावर काटा येतो. त्या काळी ते अभिमानाने लिहिले जात.

या शिकारींतली बापलेकांची सर्वांत मोठी आठवण कारकिर्दीच्या पाचव्या वर्षातली, 1610 च्या सुमाराची आहे. आग्र्याजवळच्या बारी परगण्यात संध्याकाळी बैल मारून बसलेल्या वाघाची खबर आली. जहांगीरने बंदूक झाडली, वाघ उसळून अंगावर आला. सोबतची माणसे अशी पळाली की खुद्द बादशहा त्यांच्या पायांखाली आला. अनूपराय नावाचा चाकर तेवढा वाघाला भिडला आणि त्याचे दोन्ही हात वाघाच्या जबड्यात सापडले. अशा वेळी अठरा-एकोणीस वर्षांचा शहजादा खुर्रम तलवार उपसून पुढे झाला आणि त्याने वाघावर वार केला. अनूपराय वाचला, त्याला 'अनीराय सिंहदलन' हा किताब मिळाला. बापाने मुलाचा तो वार आपल्या ग्रंथात नोंदवून ठेवला.

हाच खुर्रम पुढे शाहजहान झाला. 1617 साली दख्खनच्या मोहिमेवरून तो मांडूला परतला तेव्हा जहांगीरने त्याला हा किताब दिला आणि दरबारात तख्ताजवळ खुर्चीवर बसण्याचा मान दिला. त्यानंतर थोड्याच काळात खुर्रमचा छोटा मुलगा शुजा फार आजारी पडला. या नातवावर आजोबांचा जीव होता. पन्नाशी ओलांडल्यावर बंदूक सोडायची, असा संकल्प जहांगीरने तरुणपणी केला होता. नातवाच्या उशाशी त्याला तो आठवला. हा जगला तर यापुढे माझ्या हाताने कुठल्याही जिवाला इजा होणार नाही, असे त्याने अल्लाहला वचन दिले. शुजा बरा झाला. सतरा हजार जीव मारलेल्या हाताने बंदूक खाली ठेवली.

तो शब्द त्याने पाळला. 1619 साली मथुरेजवळच्या लोकांनी माणसांना त्रास देणाऱ्या वाघाची तक्रार आणली, तेव्हा बादशहाने स्वतः बंदूक घेतली नाही, नूरजहानला सांगितले. वाघाच्या वासाने हत्ती एका जागी ठरत नाही आणि हौद्यातून नेम धरणे महाकठीण, असे जहांगीर स्वतः लिहितो. नूरजहानने एका गोळीत काम केले.

मग 1620 च्या अखेरीस शाहजहान पुन्हा दख्खनच्या मोहिमेवर निघाला. त्यानंतर बापलेकांची भेट झाली नाही. सोबत दिलेला मोठा भाऊ खुस्रो 1622 मध्ये बुऱ्हाणपुरात मेला आणि त्याचा संशय शाहजहानवर आला. कंदाहारवर जाण्याचा हुकूम शाहजहानने मानला नाही. नूरजहानचा कल आता आपल्या जावयाकडे, शहरयारकडे होता. अविश्वास वाढत गेला आणि त्याचे बंड झाले. 1623 च्या वसंतात बापाच्या फौजेने मुलाला हरवले. ज्याला 'शाहजहान' म्हटले त्याला यापुढे 'बेदौलत' म्हणावे, असे जहांगीरने फर्मावले. त्याच दुःखात त्याने पाच वर्षे पाळलेले वचन मोडले आणि बंदूक पुन्हा हाती घेतली. जहांगीरचा बखरकार मोतमदखान दोन्ही गोष्टी एकमेकींना जोडूनच सांगतो. नातवाच्या मायेने सुटलेली शिकार त्या नातवाच्या बापाच्या रागाने परत आली.

पराभूत शाहजहान तेलंगणा, ओरिसा, बंगाल, बिहार असा फिरत दख्खनमध्ये परतला, मलिक अंबरच्या आश्रयाला आला, आजारी पडला आणि बापाची माफी मागू लागला. 1626 मध्ये तह झाला. रोहतास व असीरगड हे किल्ले सोडायचे आणि दारा व औरंगजेब ही मुले दरबारात पाठवायची. मुले आजोबांकडे गेली. त्यांचे आई-बाप आपल्या नाशकात येऊन राहिले. पुढे मोगलांनी ज्याला गुलशनाबाद म्हटले तेच हे गाव. गोदाकाठच्या या गावात मुमताजमहल आणि शाहजहान परागंदा होऊन राहत होते, हे आपल्या मुलांना आपण कधी सांगतो का?

त्याच वर्षी झेलमच्या काठी महाबतखानाने जहांगीरला ताब्यात घेतले. ही खबर मिळताच जून 1626 मध्ये शाहजहान हजारभर स्वार घेऊन नाशिकहून उत्तरेला निघाला. ही धाव बापाला सोडवायची होती की तख्ताकडे, यावर इतिहासकार वाद घालतात. बहुधा त्यालाही ठाऊक नसावे. वाटेत माणसे कमी झाली. सिंधमध्ये ठठ्ठ्याला अपयश आले, तब्येत ढासळली. पालखीत पडून तो गुजरातमार्गे पुन्हा नाशिक-त्र्यंबकच्या मुलखात आला आणि तेथून जुन्नरला गेला. बापलेकांची भेट राहिली ती राहिलीच.

इकडे 1627 चा उन्हाळा जहांगीरने काश्मीरमध्ये काढला. दमा वाढला होता. चाळीस वर्षांची सवय असलेली अफूही नकोशी झाली होती. परतीच्या वाटेवर बैरामकल्ला येथे त्याची आवडती शिकारगाह होती. म्हाताऱ्या, आजारी बादशहाला झेपेल अशीच शिकार तिथे आखलेली असे. डोंगरातले जमीनदार हरणे हाकून कड्यावर आणीत. बादशहा बसल्या जागेवरून नेम धरी आणि लागलेले हरीण गडगडत खाली येई. पायपीट नको, घोडा नको. अशा शिकारीत एक प्यादा हरणामागे कड्यावर पुढे सरकला, त्याचा पाय घसरला आणि बादशहाच्या डोळ्यांदेखत तो खाली पडून मेला.

जहांगीरचा धीर तिथेच खचला. त्याने त्या प्याद्याच्या आईला बोलावून घेतले, तिला पैसे दिले. तरी त्याच्या मनाला स्वस्थता मिळेना. जणू मलकुलमौत समोर उभा राहिल्यासारखे त्याला झाले, असे बखरकार सांगतो. मुक्काम राजौरीकडे हलला. वाटेत त्याने प्याला मागितला, पण घोट उतरला नाही. 28 ऑक्टोबर 1627 रोजी सकाळी तो गेला. वय 58. उशाशी एकही मुलगा नव्हता. परवेज आदल्या वर्षी बुऱ्हाणपुरात वारला होता, शहरयार आजारामुळे पुढे लाहोरला गेला होता आणि शाहजहान जुन्नरला होता.

आसफखानाने बनारसी नावाच्या जासुदाला आपली अंगठी देऊन दौडवले. तो सुमारे वीस दिवसांत जुन्नरला पोहोचला. खबर ऐकून शाहजहानने दुखवटा पाळला, पण तो फार दिवसांचा नव्हता. लगेच निघणे भाग होते. वाटेतून गेलेल्या त्याच्या हुकमाने लाहोरात शहरयारचा आणि पुतण्यांचा अंत झाला. फेब्रुवारी 1628 मध्ये तो आग्र्यात तख्तावर बसला. तीस वर्षांनी, 1658 साली, त्याच्याच मुलाने त्याला आग्र्याच्या किल्ल्यात कोंडले. जुन्नरला जासूद आला तेव्हा हा मुलगा नऊ वर्षांचा होता.

तेव्हा मी ठरवले की अब्बांना जुन्नरला न्यायचे. त्यांना झेपेल अशी आखणी केली. पहाटेची नमाज पढून निघालो. सिन्नर, संगमनेर, नारायणगाव, दर दीड तासाला चहा, गुडघ्यांसाठी मागच्या सीटवर उशी. जुन्नर हा आज बिबट्यांचा मुलूख आहे. उसातच त्यांची पिल्ले वाढतात आणि पकडलेल्या बिबट्यांसाठी जवळच माणिकडोहला निवारा केंद्र आहे. अब्बांना मी म्हटले, शिकार नाही, पण कदाचित जनावर दिसेल.

दुपारी शिवनेरी लांबून पाहिला. चढणे त्यांना शक्य नव्हते. मग सौदागर गुंबजाच्या सावलीत बसलो आणि मी त्यांना ही सारी हकिकत सांगितली. जासूद आला त्या ठिकाणापर्यंत आलो, तेव्हा अब्बा म्हणाले, "तार भी ऐसे ही आई थी."

मग ते सांगू लागले. दादांशी भांडून ते भिवंडीला लूमवर कामाला गेले होते. दोन वर्षे घरी पत्र नाही. त्याआधीच्या अखेरच्या शिकारीत दादांचा हात थरथरला होता, बार फुकट गेला होता आणि तरुण अब्बा सर्वांसमोर हसले होते. घरी आल्यावर दादांनी बंदूक ठाण्यात जमा केली. पुढे तार आली. अब्बा पोहोचले तेव्हा दफन होऊन दोन दिवस झाले होते. छर्ऱ्यांची पिशवी तेवढी खुंटीवर होती.

"हंसना नहीं चाहिए था," अब्बा म्हणाले.

परतताना अंधार पडला. नारायणगावच्या अलीकडे मी उसाच्या कडेने गाडी हळू चालवली, दिवे लांबवर टाकले. अब्बा खिडकीतून बाहेर पाहत होते. बिबट्या दिसला नाही. आळेफाट्याला थांबून चहा घेतला. तिथे त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला आणि विचारले, "अगली छुट्टी कब है तेरी?"