समुद्र एकच, मग शैवाले निराळी का?

लखनौ समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर. तरीही समुद्रशैवालांच्या इतिहासाचा एक धागा या शहरात, महानगर वस्तीपासून फारशा दूर नसलेल्या विद्यापीठ परिसरात येऊन पोहोचतो.

डॅनिश शैवालतज्ज्ञ फ्रेडेरिक ब्योर्गेसेन १९२७-२८ मध्ये भारतात आले. मुंबई, ओखा, द्वारका येथील कातळांवरून त्यांनी नमुने जमवले आणि १९३४ साली उत्तर अरबी समुद्रातील शैवालांच्या भौगोलिक प्रसाराचे विवेचन प्रसिद्ध केले. त्याच वर्षी लखनौ विद्यापीठातील वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक बिरबल सहानी यांनी ‘करंट सायन्स’मध्ये दख्खनच्या लाव्हाचे वय कोणते, हा प्रश्न मांडला. त्या वादात राजमहेंद्रीजवळ लाव्हाच्या थरांमधील चुनखडकात सापडलेल्या निओमेरिस व अ‍ॅसिक्युलॅरिया या सागरी शैवालांच्या जीवाश्मांना महत्त्व आले. हे थर सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचे आहेत, असे आज मानले जाते.

निओमेरिस ही प्रजाती आजही जिवंत आहे. हिंद-प्रशांत महासागरात आणि कॅरिबियन समुद्रातही. मधे मोठमोठे भूभाग असताना हे कसे घडले? उत्तर प्राचीन टेथिस समुद्रात आहे. त्याने उष्ण कटिबंधातील सागर एकमेकांना जोडले होते. पुढे अरबस्तान युरेशियाला भिडले आणि पूर्वेकडील वाट बुजली. सुमारे ३० लाख वर्षांपूर्वी पनामाची संयोगभूमी पूर्ण झाली आणि पश्चिमेकडील वाटही मिटली. वेगळ्या पडलेल्या समूहांत जनुकीय बदल स्वतंत्रपणे साठत गेले. एका पूर्वजापासून भिन्न जाती निर्माण होण्याचा हा राजमार्ग होय.

अडसर व्हायला भूखंडच लागतो असे नाही. बहुतेक शैवालांचे बीजाणू अल्पायुषी असतात आणि त्यांना रुजण्यासाठी टणक आधार लागतो. म्हणून वाळूचा लांब पट्टा किंवा खाडीचे गढूळ मुखदेखील दोन कातळांवरील समूहांना विलग करू शकते. कोकणचा किनारा अशाच तुटक कातळांचा आहे.

यामुळेच एखादा कातळ भरावाखाली गाडला गेला, तर तेथील शैवालांची जागा शेजारच्या किनाऱ्यावरून आपोआप भरून येईलच असे नाही. ब्योर्गेसेन यांच्या नोंदी म्हणूनच मोलाच्या आहेत: काय उरले आणि काय गेले, हे पडताळण्यासाठी जुन्या किनाऱ्याचे असे लिखित साक्षीदार मोजकेच आहेत.