शरणागतीचा मान

आमच्या बुलढाणा जिल्ह्यात शरणागती हा शब्द कुणाला शिकवावा लागत नाही. शेगावची वाट धरणारा वारकरी तो पावलांनीच उच्चारतो. पण मुलांना लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' सांगताना मला त्या शब्दाचे आणखी एक रूप दिसले.

कवी नारायण वामन टिळक यांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाई काही वर्षे पतीपासून दूर राहिल्या. पुन्हा संसार मांडला, तोही आपले सोवळे सांभाळून. पुढे जातिभेद देवाने नव्हे, माणसाने केला, हे त्यांचे त्यांनाच उमगले आणि १९०० साली त्याही ख्रिस्ती झाल्या. कुळाचा अभिमान त्यांनी ठेवला तो देवाच्या पायाशी. पतीच्या हट्टापुढे नव्हे.

टिळकांनाही सोडण्यासारखे काही उरले होते. १९१७ साली त्यांनी अमेरिकन मराठी मिशनची नोकरी सोडली आणि साताऱ्यास 'देवाचा दरबार' मांडला. बाप्तिस्मा न घेतलेल्या ख्रिस्तभक्तालाही तेथे जागा होती. ९ मे १९१९ रोजी ते निवर्तले. त्यांचे अपुरे 'ख्रिस्तायन' लक्ष्मीबाईंनी पुढे रचत नेले.

शरण जाणे म्हणजे कणा मोडून घेणे, असे कुणी म्हणाले की मला ही बाई आठवते. सोवळे सुटले, बाणा आणि विनोद दोन्ही शाबूत राहिले.

वाचकहो, अभ्यंगस्नानाने अंगाचा मळ जातो. कुळाचा नि पदाचा ताठा मात्र ज्याचा त्यानेच, आपल्या देवापुढे उतरवायचा असतो.