तोपकापीचं सिंहासन आणि आपला वसईचा किल्ला

स्मरणिका समितीची तरुण मंडळी घरी आली आणि म्हणाली, "काका, तुम्ही इतिहासावर काहीतरी लिहा." मी म्हटलं, अरे बाबांनो, मी बँकेतला माणूस. आयुष्य लेजर, व्हाउचर आणि ताळेबंदात गेलं. फार तर पदवीला इतिहास विषय होता, एवढीच काय ती पुंजी. पण नाही म्हणवेना. ज्या सोसायटीत टँकरच्या पाण्यासाठी रात्री दोन वाजता बादल्या घेऊन एकत्र उभे राहिलो, तिच्या रौप्यमहोत्सवी अंकाला नाही कसं म्हणायचं?

तर सांगायचं म्हणजे, काही वर्षांपूर्वी आम्ही उभयता एका टूर कंपनीबरोबर तुर्कस्तानला गेलो होतो. लग्नाच्या पन्नासाव्या वाढदिवसाची मुलांनी दिलेली भेट. इस्तंबूलमध्ये तोपकापी नावाचा राजवाडा आहे. १४५३ मध्ये ऑटोमन सुलतान दुसरा मेहमद याने ते शहर जिंकलं आणि पुढच्या काही वर्षांत हा राजवाडा बांधायला घेतला. जवळजवळ चारशे वर्षं सुलतान तिथे राहिले. १८५६ मध्ये दरबार बॉस्फरसच्या काठावरच्या नव्या दोल्माबाह्चे राजवाड्यात हलला आणि १९२४ पासून तोपकापीचं संग्रहालय झालं.

आमची गाईड तिशीतली मुलगी होती. गळ्यात यंत्र, आमच्या कानात यंत्र, त्यामुळे ती पन्नास पावलं पुढे गेली तरी तिचं बोलणं ऐकू येई. राजवाडा म्हणजे एक मोठी इमारत असेल अशी माझी कल्पना. तसं नाही. एकामागून एक चार चौक. पहिल्यात कुणीही यावं, दुसऱ्यात कामकाज असलेल्यांनी, तिसऱ्यात फक्त सुलतानाच्या खास माणसांनी. दुसऱ्या चौकात वजिरांच्या सभेची घुमटाची दालनं आहेत. तिथे भिंतीत उंचावर एक जाळीची खिडकी दिसली. सुलतान तिच्यामागे बसून सभा ऐकत असे, पण तो आज तिथे आहे की नाही, हे खाली बसलेल्यांना कळत नसे. मला आमचे न सांगता येणारे इन्स्पेक्शनवाले साहेब आठवले.

खजिन्याची गोष्ट तर थेट आमच्या धंद्यातली निघाली. पहिल्या सलीम सुलतानाने सांगून ठेवलं होतं म्हणे, की माझ्यापेक्षा जास्त सोनं जो भरील त्याने दारावर आपला शिक्का मारावा, तोवर माझ्याच शिक्क्याने खजिना बंद व्हावा. आणि पुढे शेकडो वर्षं त्याचाच शिक्का वापरात राहिला. स्ट्राँगरूमच्या दोन किल्ल्या दोन अधिकाऱ्यांकडे ठेवणाऱ्या आमच्यासारख्यांना ही शिस्त बरोब्बर कळते.

तिथेच एक सोन्याचं, पाचू-माणकं जडवलेलं आसन होतं. गाईड म्हणाली, हे इराणच्या नादिरशहाने आमच्या सुलतान महमूदला नजराणा म्हणून पाठवलं. आणि शेजारचा हा तीन पाचूंचा खंजीर सुलतानाने त्याला पाठवायला काढला होता. पण खंजीर पोचायच्या आत, १७४७ मध्ये, नादिरशहाचा खून झाला आणि खंजीर परत आला. नादिरशहा म्हटल्यावर मी कान टवकारले. हाच तो, दिल्ली लुटणारा. मी ते तिला सांगितलं. तिने विचारलं, "तुम्ही दिल्लीचे का?" मी म्हटलं, "नाही, मुंबईजवळच्या वसईचे."

"तिथे काय आहे?"

"किल्ला आहे. पोर्तुगीजांचा. मराठ्यांनी जिंकला."

"कधी?"

"१७३९."

ती हसली. म्हणाली, "म्हणजे नादिरशहा दिल्लीत होता त्याच वर्षी!" आणि पुढे विचारलं, "किल्ल्यात राजवाडा आहे का? कोण राहत असे?"

मंडळी, मला उत्तर देता आलं नाही. इतकी वर्षं वसईत राहून मी किल्ल्यात किती वेळा गेलो? पाहुणे आले की, आणि एकदा पुतणीच्या लग्नाआधीच्या फोटोंसाठी. सौ.ने कोपराने ढोसलं, "सांगा की!" काय सांगणार? परमुलखात उभं राहून आपल्या घराचा पत्ता विसरावा तसं झालं.

परत आल्यावर वाचायला बसलो. आणि पहिलीच गोष्ट अशी कळली की आपल्या किल्ल्याच्या गोष्टीत तुर्क आहेतच. वसई तेव्हा गुजरातच्या सुलतानाची. बहादूरशहाच्या पदरी तुर्की तोफची होते, त्यांना 'रूमी' म्हणत. एकीकडून हुमायून चालून येतोय, दुसरीकडे समुद्रावर पोर्तुगीज, अशा कात्रीत सापडून बहादूरशहाने २३ डिसेंबर १५३४ रोजी तह करून वसई आणि तिच्याखालचा मुलूख पोर्तुगीजांना दिला. साष्टी आली त्यात, मुंबईची बेटंही आली. पुढे १६६१ मध्ये पोर्तुगालच्या राजकन्येच्या लग्नात आंदण गेलेली मुंबई ती हीच. बहादूरशहा १५३७ मध्ये दीवजवळच्या समुद्रात पोर्तुगीजांशी झालेल्या झटापटीत मारला गेला. दुसऱ्याच वर्षी तुर्कांचं मोठं आरमार सुएझहून निघून दीवला येऊन धडकलं. ते पाठवलं सुलतान सुलेमानने, म्हणजे तोपकापीत राहणाऱ्यानेच! दीव काही पडलं नाही, आरमार परत गेलं. ते जिंकलं असतं तर आपल्या किनाऱ्याचा इतिहास वेगळा झाला असता. मी ज्या जाळीच्या खिडकीखाली उभा होतो तिचा आणि किल्लाबंदरच्या वाऱ्याचा असा संबंध आहे, हे मला तिथे कुठे ठाऊक होतं?

मग ठरवलं, सोसायटीतल्यांना घेऊन किल्ला दाखवायचा. जानेवारीतला रविवार, सकाळी सात. नोटीस बोर्डावर कागद लावला तेव्हा वाटलं चारदोन जण येतील. आले सव्वीस. त्यात नऊ मुलं, दोन आज्या आणि डी विंगच्या शेजारीण वहिनी, ज्यांच्याकडून दर नाताळला आपल्या सगळ्यांच्या घरी केक येतो. त्यांच्यासोबत त्यांचा नातू, वय वर्षं दहा.

मी गाईड. गळ्यात यंत्र नाही, त्यामुळे घसा फोडून बोलायचं. चिमाजीअप्पांच्या पुतळ्यापासून सुरुवात केली. शंभर एकरांहून जास्त पसरलेला किल्ला, तीन बाजूंनी पाणी आणि दलदल, त्यामुळे हल्ला करायचा तर जमिनीच्या एकाच बाजूने. पोर्तुगीजांच्या उत्तरेकडच्या सगळ्या मुलखाचा कारभार इथून चाले. आत त्यांची चर्चं, मठ आणि बालेकिल्ल्यात कॅप्टनचा वाडा. कोरीव दगडी कमानीतून आत गेलो. हाच आपला राजवाडा. छप्पर नाही. खिडक्यांच्या चौकटी तेवढ्या उभ्या, भिंतींत वडा-पिंपळाची मुळं, एका कोपऱ्यात चिप्सची पाकिटं. तोपकापीत काचेआड पाचू होते, इथे मोकळ्या आभाळाखाली दगड. पण मुलांना त्याचं काही नव्हतं. ती या खोलीतून त्या खोलीत धावत सुटली.

तिथेच सगळ्यांना बसवून मी १७३९ चा वेढा सांगितला. पोर्तुगीज अमलात इथल्या हिंदूंवर धर्माच्या बाबतीत जुलूम झाले, देवळं पाडली गेली, सणावारांवर बंधनं आली. अणजूरचे नाईक आणि मालाडचे अंताजी रघुनाथ अशांनी पेशव्यांकडे दाद मागितली. १७३७ मध्ये ठाणं आणि साष्टी घेतली, मग वसई. नादिरशहा दिल्लीत बसलेला, बाजीरावांना उत्तरेकडे फौज हवी आणि फौज गुंतलेली वसईत. म्हणून घाई. तटाखाली सुरुंग खणायचे, ते उडायचे, कधी आपल्याच माणसांवर दगड कोसळायचे. शेवटी चिमाजीअप्पा म्हणाले, मला तोफेला बांधून उडवा, निदान माझं मस्तक तरी किल्ल्यात पडू दे, असं सांगतात. मे महिन्यात सेंट सेबास्टियनच्या बुरुजाला खिंडार पडलं आणि पोर्तुगीजांनी पांढरं निशाण लावलं. मराठ्यांची मेलेली आणि जखमी माणसं सुमारे पाच हजार. रंगात येऊन मी म्हणालो, "आणि अशा रीतीने आपण त्यांना इथून हाकलून दिलं!"

टाळ्या पडल्या. टाळ्या थांबल्यावर वहिनींच्या नातवाने हात वर केला, शाळेत करतात तसा. "आजोबा, मग आम्ही जिंकलो की हरलो?"

मी गप्प. इस्तंबूलला माझ्याकडे उत्तर नव्हतं ते वाचलं नव्हतं म्हणून. इथे सगळं वाचूनही उत्तर नव्हतं. 'आपण' आणि 'त्यांना' हे दोन शब्द मी किती सहज वापरले, आणि त्या पोराने स्वतःला नेमकं कुठे उभं करायचं? पंचवीस वर्षं एका जिन्यावर राहून मला हा प्रश्न कधी पडला नव्हता.

उत्तर वहिनींनीच दिलं. पदर सावरत म्हणाल्या, "बाळा, आपण इथलेच. आपले पणजोबा-खापरपणजोबा शेतकरी. राजे आले नि गेले, आपण केळीची नि पानवेलींची वाडी सोडून कुठे गेलो नाही. आपली प्रार्थनासुद्धा मराठीत ना?"

मग मला वाचलेलं आठवलं आणि मी ते मुलांना सांगितलं. तहाची कलमं बघा. गढीतल्या फौजेला हत्यारांसह, वाजतगाजत, निशाणं फडकावत बाहेर पडू दिलं. ज्यांना जायचं त्यांना आठ दिवसांची मुदत आणि आपली चीजवस्तू न्यायची मुभा. जे राहतील त्यांना आपला धर्म पाळायची मोकळीक. त्याच वर्षी दिल्लीत काय झालं? नादिरशहाने कत्तल केली आणि मयूरासन घेऊन गेला. दोन्ही विजयच. मी त्या मुलाला म्हटलं, "जिंकलो की हरलो ते जाऊ दे. जिंकल्यावर माणूस कसा वागतो ते बघ." मुलगा मान हलवून खेळायला पळाला. पण वहिनींकडे बघून मी म्हटलं, "वहिनी, मघाचं 'हाकलून दिलं' मी परत घेतो." त्या म्हणाल्या, "अहो, राहू द्या. पुढच्या वेळी 'पोर्तुगीज सरकार गेलं' म्हणा, म्हणजे झालं."

याच किल्ल्याच्या गावात जन्मलेले संत गोन्सालो गार्सिया यांचे वडील पोर्तुगीज, आई इथली. १५९७ मध्ये जपानात नागासाकीला ते हुतात्मा झाले, १८६२ मध्ये संत म्हणून जाहीर झाले. याच वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो ९३ व्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. आणि विजयाचा ताठा येऊ नये म्हणून हेही सांगतो : ३१ डिसेंबर १८०२ रोजी थोरल्या बाजीरावांच्या नातवाने, दुसऱ्या बाजीरावाने, इंग्रजांशी केलेला तह हा 'वसईचा तह' म्हणून ओळखला जातो. त्या तहाने पेशवाई इंग्रजांच्या दावणीला बांधली गेली. अवघ्या त्रेसष्ट वर्षांत जमाखर्च उलटा झाला.

राहता राहिली ती गाईडची शंका, राजवाड्यातल्या वस्तू गेल्या कुठे? त्यातल्या काही अजून वाजताहेत. वसईच्या चर्चमधल्या घंटा मराठ्यांनी देवळांना वाहिल्या. भीमाशंकरला, नाशिकला नारोशंकराच्या देवळात, वाईजवळ मेणवलीला त्या आजही आहेत. एका धर्माच्या माणसांनी ओतलेली घंटा दुसऱ्या धर्माच्या देवापुढे पावणेतीनशे वर्षं वाजते आहे. त्यात जशी विजयाची खूण आहे, तशी जपणूकही आहे. पुढच्या सहलीला मेणवलीला जायचं आम्ही ठरवलं आहे. वहिनींनी नाव सर्वांत आधी नोंदवलं.

तरुण मंडळींना एवढीच विनंती. किल्ल्यात रील जरूर काढा, पण भिंतीवर नावं कोरू नका आणि पाण्याच्या बाटल्या परत आणा. दर जानेवारीत आपण पुन्हा जाऊ. मी थकलो तर तुमच्यातल्या कुणीतरी घसा फोडावा. तो दहा वर्षांचा मुलगा आताच म्हणतोय, "आजोबा, पुढच्या वर्षी राजवाडा मी दाखवणार."

सोसायटीच्या सर्व सभासदांना रौप्यमहोत्सवाच्या मनःपूर्वक शुभेच्छा.