कारागृहातील उच्च शिक्षण आणि लोकसहभाग (वाशिम जिल्हा व वऱ्हाड)

कारागृहातील बंदींना पदवीपर्यंतचे व त्यापुढचे शिक्षण घेता यावे म्हणून बाहेरच्या समाजाने चालवलेले उपक्रम. व्याख्याने, ग्रंथदान, विचार-परीक्षा, कायदेविषयक शिबिरे, उत्तीर्ण बंदींचे सत्कार हे त्यांचे परिचित प्रकार. बंदी आणि त्यांची मुले यांची गळाभेट हा शैक्षणिक कार्यक्रम नव्हे. तरी घराशी तुटलेले नाते जोडले गेल्याशिवाय पुस्तकात मन लागत नाही, म्हणून तोही येथे विचारात घ्यावा लागतो.

महाराष्ट्रात हे शिक्षण प्रामुख्याने दोन मुक्त विद्यापीठांमार्फत होते. नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ मध्ये स्थापन झाले, तर इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ १९८५ मध्ये. इंदिरा गांधी विद्यापीठाने १९९४ मध्ये दिल्लीच्या तिहार कारागृहात अभ्यासकेंद्र उघडले आणि पुढे बंदींचे शुल्क माफ केले. नागपूर मध्यवर्ती कारागृहात दोन्ही विद्यापीठांचे अभ्यासक्रम चालतात. परीक्षा उत्तीर्ण होणाऱ्या शिक्षाबंदीला राज्यात शिक्षेत ९० दिवसांची विशेष माफी मिळू शकते. ही सवलत शिक्षेपुरती असल्याने न्यायाधीन बंदीला तिचा तूर्त उपयोग नसतो.

वाशिमचा प्रश्न नेमका येथेच सुरू होतो. १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वेगळ्या झालेल्या या सहा तालुक्यांच्या जिल्ह्यात जिल्हा कारागृह आहे, मध्यवर्ती नाही. जिल्हा कारागृहात मुख्यतः न्यायाधीन बंदी असतात आणि दीर्घ शिक्षा झालेल्यांना अमरावती किंवा नागपूरच्या मध्यवर्ती कारागृहात पाठवले जाते. त्यामुळे रिसोड किंवा मानोऱ्याच्या माणसाने तुरुंगात पदवी घेतली, तर ती बहुधा जिल्ह्याबाहेर घेतलेली असते आणि सत्काराच्या दिवशी घरच्यांना तेथवर पोहोचणे जड जाते. देशभराचे चित्रही न्यायाधीन बंदींचेच आहे: २०२२ अखेर भारतातील सुमारे ५.७३ लाख बंदींपैकी ७५ टक्क्यांहून अधिक न्यायाधीन होते. खटला कधी संपेल हे ठाऊक नसताना तीन वर्षांच्या पदवीला नाव नोंदवायला धीर लागतो. त्यातही अनेकांची शाळा दहावीआधीच सुटलेली असते. त्यांच्यासाठी उच्च शिक्षणाची पहिली पायरी म्हणजे खासगीरीत्या दहावी-बारावीला बसण्याचा १७ नंबरचा फॉर्म. तो भरून घेणारा शिक्षक मिळणे, हे एखाद्या मोठ्या समारंभापेक्षा अधिक मोलाचे आहे.

बाहेरच्यांनी आत जाऊन शिकवण्याची, परीक्षा घेण्याची रीत राज्यात रुळलेली आहे. मुंबई सर्वोदय मंडळ गांधी विचारांवरील परीक्षा कारागृहांत घेते. बंदी आत्मकथा वाचून उत्तरपत्रिका लिहितात आणि निकालाच्या कार्यक्रमात त्यांचे कौतुक होते. अमरावतीची ‘वऱ्हाड’ ही संस्था विदर्भातील बंदी व त्यांच्या कुटुंबांसाठी काम करते. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाची शिबिरे मुख्यतः जामीन आणि मोफत वकील यांविषयी असतात; पण कायद्याची ओळख अनेकांना तेथेच प्रथम होते. याला जुना वारसाही आहे. १९३२ मध्ये धुळे तुरुंगात विनोबा भावे दर रविवारी गीतेवर बोलत आणि साने गुरुजी ते लिहून घेत. पुस्तक झालेली ही प्रवचने मुळात बंदींसमोर झाली, याची आठवण कारागृहात व्याख्यान देणाऱ्या प्रत्येकाने ठेवावी.

न्या. ए. एन. मुल्ला यांच्या अध्यक्षतेखालील तुरुंग सुधारणा समितीने (१९८०–८३) बंदींच्या शिक्षणावर भर दिला होता. संयुक्त राष्ट्रांच्या २०१५ च्या नेल्सन मंडेला नियमांतही प्रत्येक बंदीला शिक्षणाचा लाभ मिळावा असे म्हटले आहे. शिक्षण घेतलेले बंदी पुन्हा तुरुंगात येण्याची शक्यता कमी होते, हा अमेरिकेतील रँड संस्थेच्या २०१३ च्या पाहणीचा निष्कर्ष आहे. त्याच देशात २०१५ मध्ये बार्ड महाविद्यालयाच्या कारागृह-शिक्षण उपक्रमातील बंदींनी वादविवादात हार्वर्डच्या संघाला हरवले. हा सामना तुरुंगातच झाला. असा कार्यक्रम बंदीला दयेचा विषय करत नाही, बरोबरीचा प्रतिस्पर्धी मानतो. आपल्याकडच्या हारतुऱ्यांच्या सत्कारांत ही बरोबरी क्वचित दिसते.

वाशिमसारख्या जिल्ह्यात पदवीप्रदान सोहळ्याआधी वर्षभर टिकणारी मदत हवी: अभ्यासक्रमाची पुस्तके, आठवड्यातून एकदा येणारा प्राध्यापक आणि परीक्षेच्या तारखांचा पाठपुरावा. जिल्ह्यातील महाविद्यालये अमरावतीच्या संत गाडगे बाबा विद्यापीठाशी संलग्न असून त्यांच्या राष्ट्रीय सेवा योजना विभागांना हे काम कारागृह प्रशासनाच्या परवानगीने करता येण्यासारखे आहे. मुक्त विद्यापीठाची नोंदणी कारागृहापुरती नसते. जामिनावर किंवा निर्दोष सुटलेल्या विद्यार्थ्याला केंद्र बदलून उरलेले शिक्षण बाहेर पूर्ण करता येते.