लेसची जाळी आणि लफबरोची रात्र

१/ आज शिवणसाहित्याच्या कोणत्याही दुकानात लेस मीटरवर मोजून मिळते. दोनशे वर्षांपूर्वी मात्र याच नाजूक जाळीपायी इंग्लंडमध्ये यंत्रे फुटली आणि माणसे फासावर गेली.

२/ त्या काळापर्यंत उत्तम लेस हातानेच घडे. कारागीर स्त्रिया उशीवर नक्षीबरहुकूम टाचण्या रोवत आणि लहान दांड्यांवर गुंडाळलेले डझनावारी धागे एकमेकांभोवती फिरवीत. बोटभर पट्टीलाही कित्येक तास लागत. म्हणूनच लेस ही श्रीमंतीची खूण होती.

३/ जॉन हीथकोट या तरुण यंत्रकारागिराने ही वीण बारकाईने तपासली. सगळेच धागे फिरवण्याची गरज नाही, हे त्याने ओळखले. निम्मे धागे ताण्यासारखे उभे ताणले आणि उरलेले त्यांच्याभोवती तिरके गुंफले, की जाळी तयार! त्यासाठी त्याने ताण्याच्या फटींतून सरकणारी चकतीसारखी पातळ रिळे योजली. १८०९ मध्ये या यंत्राचे पेटंट झाले.

४/ २८ जून १८१६ च्या रात्री लफबरो येथील त्याच्या कारखान्यावर सशस्त्र टोळी चालून आली. एका पहारेकऱ्याला गोळी लागली आणि ५५ यंत्रांचा चुराडा झाला.

५/ हे ‘लडाईट’ म्हणजे यंत्राला भ्यालेले अडाणी लोक, अशी समजूत रूढ आहे. वस्तुतः त्यांच्यातील अनेकांचे पोट विणकामाच्या यंत्रावरच चालत असे. त्यांचा रोष प्रामुख्याने घटत्या मजुरीवर होता. जेम्स टाऊलला त्याच वर्षी फाशी झाली. १८१७ च्या एप्रिलमध्ये आणखी सहा जण फासावर गेले.

६/ हीथकोटला १०,००० पौंडांची भरपाई देऊ करण्यात आली. अट एकच : पैसा त्याच परगण्यात गुंतवावा. त्याने ती नाकारली आणि डेव्हनमधील टिव्हर्टनला कारखाना हलवला. कित्येक कामगार त्याच्यामागून तिकडे गेले. मजुरी वाचवण्यासाठी पेटलेल्या लढ्यात लफबरोने रोजगारच गमावला.

७/ उशीवर लेस विणणाऱ्या स्त्रियांनी मात्र कोणतेही यंत्र फोडले नाही. साधी जाळी यंत्र स्वस्तात विणू लागले, तसा त्यांच्या हाताचा भाव उतरत गेला. पुढे डेव्हनमधीलच होनिटन परिसरात स्त्रिया हाताने विणलेली फुले यंत्राच्या जाळीवर टाचू लागल्या.

८/ १८४० मध्ये राणी व्हिक्टोरियाने आपल्या विवाहवस्त्रासाठी होनिटन लेस निवडली. बीअर गावातील सुमारे २०० स्त्रियांना त्यामुळे काम मिळाले. राजाश्रयाने हस्तकलेला मान दिला. बाजार मात्र तोवर यंत्राचा झाला होता.