नावातला संशय : आमवात, इंजेक्शन आणि लिम्फोमा

१/ पेणच्या कारखान्यात गणपतीच्या डोळ्यांची आखणी करणारा हात आमवाताने, म्हणजे र्‍हुमॅटॉइड आर्थ्रायटिसने, आखडला तर हंगामच बुडतो. पनवेल-मुंबईचे डॉक्टर जैविक औषधाचे इंजेक्शन सुचवतात आणि घरात कुणीतरी विचारते, "त्याने कॅन्सर होतो म्हणे?" या प्रश्नाला जवळपास अर्धशतकाचा इतिहास आहे.

२/ १९७५, न्यूयॉर्क. स्लोन-केटरिंगच्या संशोधकांना उंदरांच्या रक्तात गाठी मारणारा एक पदार्थ सापडला. त्याचे नाव ठेवले 'ट्यूमर नेक्रोसिस फॅक्टर', थोडक्यात टीएनएफ. सांध्यांचा दाह पेटता ठेवण्यात त्याचाच हात आहे, हे पुढे कळले.

३/ १९९२, लंडन. लुधियान्यात जन्मलेले रविंदर मैनी आणि त्यांचे सहकारी मार्क फेल्डमन यांनी टीएनएफला रोखणारे औषध २० रुग्णांना दिले. सूज ओसरली. पण गाठ मारणाऱ्यालाच बांधून ठेवले तर? शंका रास्तच होती. २००९ मध्ये अमेरिकी औषध नियामकाने ही औषधे घेणाऱ्या मुलांतील व किशोरांतील ४८ कर्करोगांची दखल घेऊन इशारा कडक केला. त्यांतले सुमारे निम्मे लिम्फोमा, म्हणजे लसिका संस्थेचे कर्करोग होते.

४/ आता कालक्रम उलटा वाचा. १९७८ मध्येच फिनलंडच्या संशोधकांनी आमवाताच्या ४६,१०१ रुग्णांच्या नोंदी तपासल्या होत्या. त्यांच्यात लिम्फोमा अपेक्षेपेक्षा जास्त निघाला. तेव्हा हे इंजेक्शन जगात कुठेच नव्हते!

५/ मग दोषी कोण? २००६ चा स्वीडनचा अभ्यास मला या साऱ्या प्रकरणातला निर्णायक पुरावा वाटतो. लिम्फोमा झालेले ३७८ आमवाती आणि तो न झालेले तितकेच आमवाती यांची तुलना झाली. ज्यांचा दाह वर्षानुवर्षे तीव्र राहिला, त्यांचा धोका सौम्य दाह असलेल्यांच्या सुमारे ७० पट होता. सतत चेतवलेल्या लसिका पेशी वाढत राहतात आणि त्यांतली एखादी बिघडते, असा त्याचा अर्थ लावला जातो.

६/ ब्रिटनच्या नोंदवहीवरील २०१७ च्या अभ्यासातही, टीएनएफरोधक घेणाऱ्या आमवातींत ते न घेणाऱ्यांपेक्षा लिम्फोमा वाढल्याचे दिसले नाही. तरी पूर्ण निर्दोष सुटका नाही. आतड्याच्या दाहाच्या तरुण रुग्णांत, विशेषतः जोडीला अझाथायोप्रिन असताना, यकृत-प्लीहेचा एक दुर्मीळ लिम्फोमा आढळला आहे.

७/ आपल्याकडे काय? १९९६ पासून पुणे जिल्ह्यातील भिगवणमध्ये डॉ. अरविंद चोप्रा यांनी घरोघर पाहणी केली. आमवाताचे प्रमाण दर २०० प्रौढांमागे साधारण एक निघाले. हेच प्रमाण धरले तर पेण-रोह्यातही असे रुग्ण शेकड्यांनी असणार. डिसेंबर २०१४ मध्ये झायडसने अडॅलिमुमॅबची जगातली पहिली बायोसिमिलर आवृत्ती भारतात आणली आणि ही औषधे थोडी आवाक्यात आली.

८/ आपल्याकडचा अधिक जवळचा धोका क्षयाचा. टीएनएफ रोखला की शरीरात दबलेला क्षय उसळतो, हे २००१ मध्येच उघड झाले. म्हणून पहिल्या इंजेक्शनाआधी छातीचा एक्स-रे आणि क्षयाची चाचणी करतात. लिम्फोमापुरते सांगायचे तर मानेत वा काखेत न दुखणारी गाठ, रात्रीचा घाम, उतरत जाणारे वजन यांपैकी काही दिसले तर डॉक्टरांना लगेच दाखवावे. भीतीपोटी इंजेक्शन परस्पर बंद केले, तर १९७८ च्या फिनिश रुग्णांचा तोच दाह पुन्हा सुरू होतो.